वाहाकाचा एक रविवार: कुटुंबासह डोंगर, बाजार आणि जेवणाची सहल

मेक्सिकोच्या दक्षिण भागातील वाहाका शहरात कुटुंबासह चार दिवस राहण्याचा बेत असेल, तर त्यांतला रविवार शहराबाहेरच्या त्लाकोलुला खोऱ्यासाठी राखून ठेवावा. डोंगरकड्यावर चुनखडीचे थिजलेले धबधबे, दर रविवारी भरणारा प्रचंड आठवडी बाजार, लोकरीचे गालिचे विणणाऱ्यांचे गाव आणि जगातल्या सर्वांत जाड बुंध्याच्या झाडांपैकी एक झाड ही सगळी ठिकाणे शहराच्या पूर्वेला जाणाऱ्या एकाच रस्त्याच्या आसपास आहेत. अमेरिकेतली अनेक मराठी कुटुंबे मेक्सिकोत येतात ती कॅनकूनच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात राहून परत जाण्यासाठी. तिथे विश्रांती मिळते, पण या देशाची शेती, बाजार आणि घरचे जेवण यांची ओळख होत नाही. ती व्हावी असे ज्यांना मनापासून वाटते आणि जे प्रथमच तिकडे निघाले आहेत, त्यांच्यासाठी हे टिपण आहे.

सहलीचा सांगाडा सुरुवातीलाच सांगतो. सर्वांत लांबचे ठिकाण, म्हणजे डोंगरातले इएर्वे एल आग्वा, सकाळी आधी उरकावे. बाजारात नेमके दुपारच्या जेवणाच्या वेळी पोहोचावे. आणि उरलेली दोन ठिकाणे परतीच्या वाटेवर घ्यावीत. पर्यटन कंपन्यांच्या बहुतेक गाड्या याच्या उलट क्रमाने, म्हणजे शहराजवळच्या झाडापासून सुरुवात करत जातात. त्यामुळे डोंगरात भर उन्हात आणि भर गर्दीत पोहोचावे लागते, आणि लहान मुले व आजी-आजोबा दोघेही तिथेच थकून जातात.

निघण्याआधीची तयारी

भारतीय पारपत्रधारकांना मेक्सिकोसाठी व्हिसा लागतो. मात्र ज्यांच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी एखाद्याचा मुदतीतला व्हिसा किंवा कायम वास्तव्याचा परवाना आहे, त्यांना पर्यटनासाठी वेगळ्या व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्यांनी पारपत्रावरील व्हिसाच्या शिक्क्याची मुदत स्वतः डोळ्यांनी पाहून घ्यावी, कारण मुदतवाढ मंजूर झाल्याचे नुसते पत्र या सवलतीसाठी पुरत नाही. नियम बदलत असतात, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी मेक्सिकोच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घेणे शहाणपणाचे आहे.

वाहाका शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,५५० मीटर उंचीवर आहे. हवा सुखद असते, पण ऊन चटका देणारे असते आणि हवा थंड असल्यामुळे तो चटका लवकर कळत नाही. रुंद काठाची टोपी सगळ्यांसाठी घ्यावी. जून ते सप्टेंबर हा पावसाळा असून पाऊस बहुधा दुपारनंतर पडतो. डोंगरातले ठिकाण सकाळी उरकण्यास हे आणखी एक कारण. नोव्हेंबर ते एप्रिल हे कोरडे महिने सहलीला सर्वांत सोयीचे आहेत, मात्र डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो, म्हणून मुलांना अंगात स्वेटर हवा.

पैशांबाबत एक गोष्ट पहिल्याच दिवशी घरातल्या सर्वांना समजावून सांगावी. मेक्सिकोत किमतीपुढे डॉलरसारखेच चिन्ह लिहितात, पण ती किंमत पेसोत असते. बाजारात, डोंगरातल्या प्रवेशद्वारावर, स्वच्छतागृहात आणि शेअर टॅक्सीत रोख पैसेच चालतात, त्यामुळे आदल्या दिवशी शहरातील बँकेच्या एटीएममधून पेसो काढावेत आणि एखादे पाणी किंवा पाव घेऊन मोठ्या नोटा मोडून ठेवाव्यात. सकाळी सकाळी पाचशेची नोट पुढे केली, तर भाजीवालीची खरोखर अडचण होते.

पिशवीत पुढील गोष्टी असाव्यात: पोहण्याचे कपडे आणि टॉवेल, ओल्या खडकावर न घसरणाऱ्या चपला, कापडी पिशव्या, टिश्यू पेपर, हात स्वच्छ करण्याचे द्रावण, घरातल्यांची नेहमीची औषधे आणि मुबलक बाटलीबंद पाणी. नळाचे पाणी स्थानिक लोकही पीत नाहीत. घरोघरी पिण्याच्या पाण्याचे मोठे जार असतात. पोट बिघडलेच, तर कोणत्याही औषधाच्या दुकानात ‘सुएरो ओराल’ मागावे, म्हणजे जलसंजीवनी मिळते.

गाडी घ्यावी की शेअर टॅक्सी

वाहाका शहरापासून तुले गावचे ते जाड बुंध्याचे झाड साधारण १० किलोमीटर, बाजाराचे गाव त्लाकोलुला सुमारे ३० किलोमीटर, प्राचीन अवशेषांचे मित्ला सुमारे ४५ किलोमीटर आणि इएर्वे एल आग्वा साधारण ७० किलोमीटर आहे. शेवटचा टप्पा घाटाचा असल्यामुळे एकूण दीड तास धरावा.

तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे शहरातूनच चालकासह दिवसभराची गाडी ठरवणे. लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील, तर माझ्या मते हाच पर्याय निवडावा. गाडी ठरवतानाच ठिकाणांचा क्रम, प्रत्येक ठिकाणी थांबण्याचा वेळ आणि टोलचे पैसे कोणाकडे हे कागदावर लिहून द्यावे, कारण चालक आपल्या सवयीच्या क्रमाने जाऊ पाहतो आणि जिथे त्याची ओळख आहे अशा दुकानात थांबू पाहतो.

दुसरा पर्याय स्वतः गाडी चालवण्याचा. रस्ते चांगले आहेत, पण प्रत्येक गावाच्या वेशीवर ‘तोपे’ म्हणजे गतिरोधक असतात आणि काहींच्या अलीकडे पाटी नसते. ‘कुओता’ लिहिलेला रस्ता टोलचा आणि ‘लिब्रे’ लिहिलेला बिनटोलचा, एवढे लक्षात ठेवले की चौकात गोंधळ होत नाही. पेट्रोल कर्मचारीच भरतो. भरण्यापूर्वी आकडा शून्यावर आहे ना हे पाहावे. रस्त्यात गाडी बंद पडल्यास ०७८ या क्रमांकावर पर्यटकांसाठीच्या ‘हिरवे देवदूत’ पथकाची मदत मिळते आणि तातडीच्या कोणत्याही प्रसंगी ९११ हा क्रमांक चालतो. अंधार पडल्यावर घाटात गाडी चालवू नये.

तिसरा आणि सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे कोलेक्तिवो, अर्थात शेअर टॅक्सी किंवा बस. शहरातल्या बेसबॉलच्या मैदानाजवळच्या हमरस्त्यावरून त्लाकोलुला आणि मित्लाकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात; मित्लाहून पुढे इएर्वे एल आग्वापर्यंत मागे बाकडी टाकलेल्या छोट्या ट्रकमधून जावे लागते आणि तो भरल्याशिवाय सुटत नाही. धडधाकट तरुण मंडळींना यात मजा येते. बरोबर तान्हे मूल असेल, तर हा विचार सोडून द्यावा.

सकाळ: इएर्वे एल आग्वा

सात वाजता शहर सोडावे. त्लाकोलुला ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना घायपाताच्या निळसर रांगा दिसू लागतात. या घायपातापासून मेस्काल हे मद्य काढतात आणि त्यासाठी सर्वाधिक लावली जाणारी एस्पादिन ही जात तयार व्हायला साधारण सहा ते आठ वर्षे लागतात. याच भागातल्या कोरड्या टेकड्यांमध्ये गिला नाकित्स नावाची गुहा आहे. तिथे सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणसाने लावलेल्या भोपळ्याच्या बिया आणि सहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची मक्याची कणसे सापडली, आणि म्हणूनच यागुल व मित्ला येथील या गुहांचा परिसर २०१० साली जागतिक वारशाच्या यादीत आला. गुहेपर्यंत जाण्याची गरज नाही, पण गाडीतून त्या टेकड्या दाखवून मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी. पुढे बाजारात मक्याचे ढीग पाहताना तिचा उपयोग होतो.

इएर्वे एल आग्वा या नावाचा अर्थ उकळणारे पाणी असा असला, तरी पाणी गरम नाही. झऱ्यातून ते बुडबुड्यांसह वर येते, एवढेच. या पाण्यात विरघळलेला चुना कड्यावरून झिरपताना थराथराने मागे राहतो आणि हजारो वर्षांत त्याचे उभे पडदे तयार होतात. लांबून पाहिले, तर पांढराशुभ्र धबधबा कोसळता कोसळता थबकला आहे असे वाटते. गुहांमध्ये चुनखडीचे लोंबते खांब जसे बनतात, तीच क्रिया इथे उघड्या कड्यावर घडली आहे. असे दोन कडे समोरासमोर आहेत. धाकट्या कड्याच्या माथ्यावर पाण्याची कुंडे आहेत आणि थोरला कडा तिथून समोर दिसतो. झापोतेक या इथल्या मूळ रहिवासी लोकांनी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी या झऱ्यांचे पाणी उतरणीवरच्या शेतांना देण्यासाठी खोदलेल्या अरुंद पाटांच्या खुणाही खडकावर आहेत. त्या पायाखाली येतात आणि लोक न पाहता पुढे जातात, म्हणून वाकून शोधाव्यात.

प्रवेशाचे पैसे इथे दोनदा द्यावे लागू शकतात, एकदा गावाच्या रस्त्यावर आणि एकदा प्रत्यक्ष दारावर. ही फसवणूक नव्हे. जागा आणि रस्ता यांची देखभाल स्थानिक गावे करतात आणि तो त्यांच्या उत्पन्नाचा भाग आहे. गावांच्या आपसातल्या वादामुळे २०२१ मध्ये हे ठिकाण काही काळ पर्यटकांसाठी बंद होते, म्हणून आदल्या संध्याकाळी आपल्या मुक्कामाच्या ठिकाणी ‘उद्या उघडे आहे ना, आणि कुंडात उतरू देतात ना’ असे दोन्ही प्रश्न विचारून घ्यावेत.

वाहनतळापासून कुंडांपर्यंतची वाट दहा-पंधरा मिनिटांची, उताराची आणि ओबडधोबड पायऱ्यांची आहे. उतरताना सोपी वाटते. चढताना गुडघे दुखणाऱ्यांना त्रास होतो, तेव्हा आजी-आजोबांनी वरच्या टपऱ्यांजवळ बसून दरीचे दृश्य पाहिले तरी फारसे काही चुकत नाही. थोरल्या कड्याच्या पायथ्याशी जाणारी लांबची पायवाट मात्र लहान मुलांबरोबर टाळावी.

सर्वांत महत्त्वाची सूचना सुरक्षिततेची आहे. कुंडाच्या कडेला कठडा नाही आणि पलीकडे सरळ दरी आहे. चुन्याचा थर ओला असताना अतिशय निसरडा होतो. प्रत्येक लहान मुलामागे एक मोठे माणूस, हा नियम ठरवावा आणि छायाचित्रासाठी मुलांना काठावर उभे करू नये. पाण्यात उतरण्याआधी अंगावरचे तेल किंवा उन्हाचे मलम धुऊन टाकावे, कारण त्याचा तवंग साचून राहतो आणि या नाजूक थरांना व पाण्यातल्या शेवाळाला इजा होते. उन्हापासून संरक्षणासाठी मुलांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घालणे अधिक चांगले.

दोन तास पुरेसे आहेत. साडेअकराच्या सुमारास गाड्यांची रीघ लागते, त्याआधीच निघावे. मित्लाचे प्राचीन अवशेष वाटेतच लागतात आणि तिथल्या दगडी भिंतींवरची भौमितिक नक्षी खरोखर अद्वितीय आहे, तरीही रविवारी तिथे थांबू नये असे मी सांगेन. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना आणि रहिवाशांना पुरातत्त्वीय स्थळांवर मोफत प्रवेश असतो, त्यामुळे गर्दी होते, आणि शिवाय बाजाराचा वेळ त्यात जातो. मित्लासाठी आठवड्यातला दुसरा दिवस काढावा.

दुपार: त्लाकोलुलाचा बाजार

वाहाकाच्या खोऱ्यात दर दिवशी वेगळ्या गावी बाजार भरतो. बुधवारी एत्ला, गुरुवारी साचिला, शुक्रवारी ओकोत्लान आणि रविवारी त्लाकोलुला. यांत त्लाकोलुलाचा बाजार सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. आसपासच्या गावांतून झापोतेक शेतकरी आणि कारागीर येतात, आणि स्पॅनिशइतकीच झापोतेक भाषाही कानावर पडते. भरतकाम केलेले भडक रंगांचे एप्रन आणि डोक्यावर गुंडाळलेली ओढणी अशा पोशाखातल्या बायका इथल्या व्यवहाराचा कणा आहेत.

गाडी बाजाराच्या गल्ल्यांपासून लांब, सशुल्क वाहनतळावर लावावी. आत शिरण्याआधी चर्चचे अंगण सर्वांना दाखवून ‘चुकामूक झाली तर इथे यायचे’ असे ठरवावे आणि लहान मुलांच्या खिशात पालकांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. पैशांची पिशवी पुढच्या बाजूला असावी. चर्चच्या आतील सोनेरी नक्षीचे देवालय पाहण्यासारखे आहे, पण रविवारी प्रार्थना चालू असते, तेव्हा प्रार्थना संपेपर्यंत बाहेर थांबणेच योग्य.

आता बाजार कसा पाहावा ते सांगतो. आधी छपराखालचा भाग, कारण जेवण तिथे आहे. नंतर बाहेरच्या गल्ल्या. छपराखाली एका बाजूला पावाच्या राशी असतात. अंड्याच्या पिवळ्या बलकाचा ‘पान दे येमा’ आणि चॉकलेटचे सारण असलेला ‘पान दे कासुएला’ हे दोन्ही पाव घ्यावेत. दुसऱ्या बाजूला धुराने भरलेली बोळ लागते, तिथे मांसवाले आणि कोळशाच्या शेगड्या समोरासमोर असतात. मांस, पातीचे कांदे आणि ‘चिले दे आग्वा’ या स्थानिक मिरच्या वेगवेगळ्या ठिकाणी विकत घ्यायच्या, शेगडीवर भाजायच्या, शेजारच्या बाईकडून गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, घ्यायच्या आणि बाकावर बसून खायचे, अशी रीत आहे. आपल्या मंडळींनी एवढे जाणून असावे की ‘तासाहो’ म्हणजे खारवलेले गोमांस आणि ‘सेसिना’ म्हणजे मिरची लावलेले डुकराचे मांस. ‘रेस’ हा शब्द गोमांसासाठी, ‘पुएर्को’ किंवा ‘सेर्दो’ डुकरासाठी, ‘पोयो’ कोंबडीसाठी, ‘चिवो’ बकऱ्यासाठी आणि ‘बोर्रेगो’ मेंढीसाठी वापरतात.

मटण खाणाऱ्यांनी मात्र शेगडीपाशी न थांबता थेट ‘बार्बाकोआ’च्या गाड्यांवर जावे. बकऱ्याचे किंवा मेंढीचे मांस मसाला लावून, अॅव्होकाडोच्या पानांबरोबर जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजवलेले असते. ते लालसर रश्श्यासह वाडग्यात येते आणि बरोबर चिरलेली कोबी, कोथिंबीर, कांदा व लिंबू असते. मिरचीचा स्वाद खोल असला, तरी तिखटपणा आपल्या रश्श्यापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे मुलेही खाऊ शकतात. टेबलावरची साल्सा आधी चमच्याच्या टोकावर चाखून मगच मुलांच्या ताटात वाढावी. शेजारच्या बाकावर लोक जेवत असतील, तर जाता-येता ‘प्रोवेचो’ म्हणावे. सावकाश जेवा म्हणण्याची ती पद्धत आहे आणि अनोळखी माणसाने म्हटले की समोरचा हमखास हसून उत्तर देतो.

बाहेरच्या गल्ल्यांत तेहाते हे पेय शोधावे. भाजलेला मका, कोको, मामेय फळाची बी आणि ‘रोसिता दे काकाओ’ नावाचे सुवासिक फूल एकत्र वाटून त्याचा गोळा करतात. बाई तो गोळा मोठ्या मातीच्या परातीत कोपरापर्यंत हात घालून मळत राहते आणि वरून थोडे थोडे गार पाणी सोडते. बराच वेळ काही होत नाही. मग एकाएकी ताकावर लोणी यावे तसा पांढरा, जाडसर फेस वर जमू लागतो. तो फेस तिने बाजूला न सारता आपल्या वाडग्यात भरभरून घातला, तर तेहाते चांगले समजावे. रंगीत नक्षी काढलेल्या तुंब्याच्या वाडग्यात ते देतात आणि गोडीसाठी साखरेचा पाक घालतात. त्यात दूध नाही, मांस नाही, मद्य नाही. पाणी शुद्ध आहे ना, हे ‘आग्वा पुरिफिकादा?’ असे विचारून घ्यावे.

त्याच गल्ल्यांत लसूण, लिंबू आणि मिठात भाजलेले नाकतोडे, म्हणजे ‘चापुलिनेस’, टोपल्यांत रचून ठेवलेले दिसतात. मुले आधी दचकतात आणि मग त्यांतले एखादे हमखास खाऊन पाहते. जबरदस्ती करू नये, आणि कोणी विक्रेतीसमोर नाक मुरडू नये याची मात्र ताकीद द्यावी, कारण तो इथला शतकानुशतकांचा आहार आहे. कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी नाकतोडे खाऊ नयेत. पाय बांधलेल्या जिवंत टर्कीही विकायला असतात. हळव्या मुलांना आधी कल्पना द्यावी.

मुलांना गुंतवून ठेवण्याचा एक उत्तम मार्ग म्हणजे आपल्या ओळखीच्या वस्तू शोधायला लावणे. मिरची, टोमॅटो, मका, पेरू, सीताफळ, चिकू, पपई आणि झेंडू ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून आपल्याकडे आली, त्यांतली कित्येक थेट मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या परिसरातून, आणि पोर्तुगीजांच्या काळात गोव्याच्या बंदरातून मिरचीने कोकण-घाटावर पाय रोवले. आंबा मात्र उलट दिशेने गेला. आशियातला हा वृक्ष फिलिपाइन्सहून स्पॅनिश जहाजांतून मेक्सिकोत पोहोचला आणि आजही तिथे ‘मनिला’ नावाचा आंबा लोकप्रिय आहे. बाजारातल्या एकाच पथारीवर हे दोन्ही प्रवास शेजारी-शेजारी मांडलेले सापडतात.

घासाघीस करावी का? खाद्यपदार्थ आणि भाजी यांत अजिबात करू नये. भाजी-फळे किलोवर किंवा वाट्यावर मिळतात, भाव वाजवी असतात आणि दोन-चार वाटे घेतले की विक्रेती स्वतःहून वर काहीतरी घालते. हस्तकलेच्या वस्तूत ‘यात काही कमी होईल का’ एवढे एकदा नम्रपणे विचारायला हरकत नाही. नाही म्हटले, तर एकतर घ्यावे किंवा धन्यवाद देऊन पुढे जावे. छायाचित्रांबाबत अधिक काटेकोर राहावे. कोणाही बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढू नये, आणि ती नको म्हणाली तर कॅमेरा खाली घ्यावा. आधी काहीतरी विकत घेऊन, दोन शब्द बोलून मग विचारले, तर बहुधा होकार मिळतो.

शाकाहारी कुटुंबांसाठी

वाहाकात शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण सावध राहावे लागते. अडचण दिसणाऱ्या मांसाची नसून न दिसणाऱ्या चरबीची आहे. वाटलेल्या काळ्या घेवड्यात आणि तामालेस या मक्याच्या वाफवलेल्या पदार्थाच्या पिठात ‘मांतेका’, म्हणजे डुकराची चरबी, घालण्याची पद्धत आहे. त्लायुदा या मोठ्या कुरकुरीत तोर्तियावर आणि मेमेला या लहान जाड तोर्तियांवर ‘असिएंतो’, म्हणजे चरबी वितळवल्यावर तळाशी राहणारा गाळ, आधीच फासलेला असतो. मोले या प्रसिद्ध वाटणाच्या रश्श्यात बहुधा कोंबडीचे पाणी असते. फळांवर भुरभुरवलेल्या मिठात घायपातावरच्या अळीची पूड असू शकते. त्याला ‘साल दे गुसानो’ म्हणतात.

म्हणून ‘सोय बेहेतारियानो’ म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे सांगून थांबू नये, कारण पुष्कळांच्या लेखी मांसाचा तुकडा नसला की पदार्थ शाकाहारी झाला. ‘सिन कार्ने, सिन मांतेका, सिन असिएंतो, सिन काल्दो दे पोयो’ हे चार नकार, म्हणजे मांस नको, चरबी नको, तिचा गाळ नको आणि कोंबडीचे पाणी नको, कागदावर लिहून न्यावेत आणि दाखवावेत.

निर्धास्तपणे मागता येण्यासारखे पदार्थही कमी नाहीत. भोपळ्याची फुले आणि ‘केसियो’ हे लडीसारखे चीज घातलेली, समोर कोरड्या तव्यावर भाजलेली केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली तोर्तिया, हा माझा पहिला पर्याय. तवा मातीचा किंवा पत्र्याचा असतो आणि त्याला तेल लागत नाही. त्याखेरीज भाजलेला नोपाल, म्हणजे फड्या निवडुंगाची काटे काढलेली पाने, भाजलेली किंवा उकडलेली मक्याची कणसे, सोललेली फळे, गरम तोर्तियाबरोबर ग्वाकामोले ही अॅव्होकाडोची चटणी हे सगळे मिळते. अंडे चालत नसेल, तर पान दे येमा वगळावा. शेवटी ‘निएवे’ हे बर्फाळ गोड घ्यावे. त्यातले ‘लेचे केमादा’ मुद्दाम करपवलेल्या दुधाचे असते आणि त्यावर निवडुंगाच्या लाल फळाचे निएवे वाढतात. करपलेल्या वासाने आपल्याकडचे लोक आधी बिचकतात आणि मग दुसरा पेला मागतात.

तोर्तिया सर्वांनी निःशंक खावी. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग दळण्याची ही पद्धत फार प्राचीन आहे. चुन्यामुळे दाण्याचे साल सुटते, कणीक चिकट होऊन लाटता-थापता येते, आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगे होते.

तिसरा प्रहर: तेओतित्लान देल वाये

तीनच्या सुमारास बाजार सोडून परतीच्या रस्त्यावरून उजवीकडे तेओतित्लानला वळावे. या गावात घरोघरी माग आहेत. मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या दालनांपेक्षा गावात आत जाऊन एखाद्या घरगुती कारखान्याचे दार ठोठवावे. लोकर पिंजणे, चरख्यावर सूत काढणे, रंगवणे आणि मागावर विणणे असे सगळे टप्पे बहुतेक घरांत आनंदाने दाखवतात.

रंगाचा भाग मुलांनी जवळून पाहावा. निवडुंगाच्या पानावर पांढरा कापूस लागल्यासारखे ठिपके असतात. ते कोचिनियाचे किडे. वाळवलेला किडा तळहातावर चिरडला की गडद किरमिजी रंग उमटतो. त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळले की तो डोळ्यांदेखत केशरी होतो, आणि खाण्याचा सोडा किंवा चुना लावला की जांभळ्याकडे झुकतो. एक किलो रंगासाठी लाखाहून अधिक किडे लागतात. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून युरोपला जाणाऱ्या मालात चांदीखालोखाल मौल्यवान वस्तू हीच होती. निळा रंग निळीच्या झाडापासून आणि पिवळा झेंडूच्या कुळातल्या रानफुलांपासून घेतात.

गालिचा घ्यायचा असल्यास रंग नैसर्गिक आहेत की रासायनिक हे सरळ विचारावे. प्रामाणिक विणकर दोन्ही प्रकार वेगळे करून दाखवतो आणि किमतीतला फरक समजावतो. मध्यम आकाराच्या गालिच्यामागेही आठवड्यांचे काम असते, हे मागाजवळ अर्धा तास उभे राहिले की कळते, आणि मग किंमत पाडून मागण्याची इच्छा होत नाही. काही घ्यायचे नसेल, तर प्रात्यक्षिक दाखवणाऱ्याला थोडे पैसे द्यावेत किंवा निदान एखादी लहान वस्तू घ्यावी.

परतताना: तुलेचे झाड

शहराच्या अलीकडे सांता मारिया देल तुले या गावी चर्चच्या अंगणात आवेवेते जातीचा महावृक्ष उभा आहे. बुंध्याचा घेर सुमारे ४२ मीटर भरतो आणि वय दीड ते दोन हजार वर्षांच्या दरम्यान असावे असा अंदाज आहे. इतका जाड बुंधा म्हणजे जवळजवळ वाढलेली अनेक झाडे एकत्र झाली असतील अशी शंका पूर्वी घेतली जाई, परंतु जनुकीय तपासणीत ते एकच झाड असल्याचे दिसून आले. कुंपणाच्या आत जायला थोडे पैसे पडतात. बुंध्याच्या गाठींमध्ये हत्ती, सिंह, मगर असे आकार दिसतात, आणि गावातली शाळकरी मुले कधीकधी आरशाचा कवडसा पाडून ते दाखवतात. हा मान आपल्या मुलांना द्यावा; प्रत्येकाने एक आकार शोधायचा. अर्धा तास पुरतो. झाडाला पाणी भरपूर लागते आणि परिसरातल्या भूजलावर ते जगते, म्हणून बुंध्याजवळचे आतले कुंपण ओलांडून मुळांवर पाय देऊ नये.

इथून शहर वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. संध्याकाळी घेतलेल्या वस्तू वेगळ्या कराव्यात. ताजी फळे, मांस, बिया आणि रोपे अमेरिकेत किंवा भारतात नेण्यावर निर्बंध आहेत, तेव्हा ती मुक्कामातच संपवावीत. कोको, वाळवलेल्या मिरच्या, मोलेचे वाटण असे खाण्याचे पदार्थ बरोबर असतील, तर ते हवाबंद करून सामानात सहज सापडतील असे ठेवावेत आणि विमानतळावर सीमाशुल्काच्या अर्जात सगळे जाहीर करावे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेली सापडली, तर दंड होतो.